सासूबाईंची रोझरी, रविवारची मिस्सा आणि दहा महिन्यांचं बाळ

पत्र:

ताई, माझं माहेर वसईचं. लग्नानंतर सहा वर्षांपासून कोल्हापुरात आहे. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत, शिफ्ट ड्यूटी. सासूबाई सावंतवाडीकडच्या, आमच्याजवळच असतात. रोज संध्याकाळी साडेसातला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. दहा-दहा ‘नमो मारियां’ची पाच दशकं, लितानी (विनवण्यांची माळ), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) धरून पाऊण तास जातो. बाळ रडतं, मुलगी जमिनीवर लोळते, भाकरी राहिलेल्या असतात आणि सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गेले तर पहिल्या वाचनालाच मी बाळाला घेऊन व्हरांड्यात, ती शेवटच्या आशीर्वादाला आत. एका बाईंनी तोंडावर सांगितलं, ‘एवढ्या लहान मुलांना घरी ठेवून येत जा.’ मग काही रविवार गेलेच नाही. हे पाप आहे का? राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, उपवास धरला होता, तेव्हा बाळ चार-पाच महिन्यांचं होतं. संध्याकाळी ओट्यापाशी चक्कर येऊन खालीच बसले. वर्षभरात धड एक प्रार्थना माझ्याकडून झालेली नाही. आताशा बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही, कारण नसताना रडू येतं. देव माझ्यावर रागावला असेल का? मुलगी विचारते, सगळ्यांकडे गणपती येतो, आपल्याकडे का नाही? तिलाही नीट उत्तर देता येत नाही. आई म्हणून आणि कॅथलिक म्हणूनही मी नापास झालेय असं वाटतं.
– एक आई, कोल्हापूर

उत्तर:

प्रिय मुली,

तू विचारलंस बरंच, पण मला आधी बोलायचंय ते तू जाता जाता लिहून गेलेल्या एका वाक्याबद्दल. बाळ झोपलं तरी झोप लागत नाही आणि कारण नसताना रडू येतं, असं तू लिहिलंयस. बाळ रात्री उठवतं म्हणून झोप न होणं सगळ्याच आयांच्या नशिबी असतं. पण बाळ शांत झोपलंय, घरात सामसूम आहे आणि तरी तू छताकडे बघत पडली आहेस, हे वेगळं आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात कधीही असं उदासपण येऊ शकतं आणि डॉक्टर त्याला आजार म्हणूनच ओळखतात. त्यावर उपचार आहेत. बाळाला अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. कधी कधी मूळ थायरॉइडमध्ये किंवा रक्त कमी असण्यात सापडतं आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. म्हणून तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा आणि मला लिहिलंस ते जसंच्या तसं त्यांना सांग. ‘थोडा थकवा आहे’ म्हणून गुंडाळू नकोस. मानसोपचार विभाग आपल्या सरकारी सीपीआर रुग्णालयातही आहे. नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ ही टेली मानसची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असा विचार एकदा जरी मनात आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, त्याच तासाला नवऱ्याला उठवून दवाखाना गाठ.

हे सगळं तू ‘देव रागावला असेल का’ या प्रश्नाला जोडलंस म्हणून मला काळजी वाटली. आपल्या घरांमध्ये बाईला रडू आलं की ‘प्रार्थना वाढव’ हा सल्ला लगेच मिळतो. प्रार्थना कर, पण आजारपण पापनिवेदनात सांगायची गोष्ट नव्हे. तापाची कबुली आपण फादरांकडे देतो का? देव तुझ्यावर रागावलेला नाही, हे मी तुझं मन राखायला सांगत नाही. मी श्रद्धेनं जगत आलेली बाई आहे आणि यातला शब्दन् शब्द मी मानते.

आता मिस्सेचं. रविवारची मिस्सा चुकवणं ही गंभीर गोष्ट आहे, असं आपलं चर्च शिकवतं, ते मी पातळ करून सांगणार नाही. पण त्याच शिकवणीतलं पुढचं वाक्य आपल्याकडे कोणी वाचून दाखवत नाही. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कॅथलिक चर्चची जी अधिकृत धर्मशिकवण प्रसिद्ध केली, तिच्या २१८१ व्या कलमात गंभीर कारण असेल तर या बंधनातून सूट आहे असं म्हटलंय आणि उदाहरणं म्हणून दोनच गोष्टी घेतल्यात. एक आजारपण, दुसरी तान्ह्या मुलांची देखभाल. तान्ही मुलं हे तिथं शब्दांत लिहिलेलं आहे, कोणी ओढूनताणून काढलेला अर्थ नाही. म्हणजे पोराला ताप आहे, नवरा फर्स्ट शिफ्टला गेलाय, बाहेर आपला कोल्हापुरी पाऊस कोसळतोय आणि दोन पोरं घेऊन रिक्षा मिळत नाही, अशा रविवारी तू घरी राहिलीस तर ते पाप नाही. मनात तरी खुटखुट राहिली तर फादरांना एकदा स्पष्ट विचार, तेही हेच सांगतील.

सूट आहे म्हणून जाणंच सोड, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण तुझ्या पत्रावरून तुला मिस्सेची ओढ आहे हे दिसतंय. ती बाई जे बोलली त्यानं तू दुखावलीस आणि घरी बसलीस. असं बसू नकोस. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलमध्ये दरवर्षी जानेवारीत पोप बाळांना बाप्तिस्मा देतात. पोप फ्रान्सिस तिथं आयांना सांगायचे की बाळ भुकेलं असेल तर संकोच न करता इथंच पाजा. मायकेल अँजेलोच्या चित्रांखाली बाळाला पाजलेलं चालतं, तर आपल्या चर्चच्या मागच्या बाकावर का चालू नये? पुढच्या वेळी त्या बाई दिसल्या की हसून बाळ त्यांच्याच हातात दे. ‘काकी, पाच मिनिटं धरता का? मला कम्युनियन घेऊन येऊ दे.’ मी हा उपाय कित्येक पोरींना सांगितलाय. बोलणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींना नातवंडं असतात, पुण्याला नाहीतर गल्फमध्ये, वर्षानुवर्षं मांडीवर न बसलेली. बाळ हातात आलं की चेहराच बदलतो.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात सांगते. मागं बसू नका, पुढं बसा. मागं बसलेल्या मुलाला लोकांच्या पाठी दिसतात आणि त्याला कंटाळा येणारच. पुढं बसलं तर वेदी दिसते, मेणबत्त्या दिसतात, फादरांचा रंगीत झगा दिसतो. बाहेर न्यायची पाळी ठरवून घ्या: पहिल्यांदा रडलं तर तू, दुसऱ्यांदा तो. सगळ्या वेळी तूच का व्हरांड्यात? आणि महिन्यातून एक रविवार तू एकटी जा. शनिवारी संध्याकाळची मिस्सा असेल तर तीही रविवारची धरली जाते, त्याच्या शिफ्टप्रमाणे जुळवता येईल. पोरं त्याच्याकडे. ज्या तासात कोणी पदर ओढत नाही, असा एक तास तुला मिळायलाच हवा.

रोझरीबद्दल सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही, कारण त्यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही.

थोडं मागे जाऊन बघ. तू वसईत वाढलीस. तिथं नाक्यानाक्यावर क्रूस, दुपारी देवदूताच्या निरोपाची घंटा, ऑक्टोबर महिना लागला की शेजारच्या घरांमधून रोझरीचे आवाज. तुझ्या आईनं तुला ‘नमो मारिया’ शिकवली असं तुला वाटत असेल, पण खरं तर निम्मी आळीनं शिकवली. आईचं लक्ष नसेल तेव्हा आजी होती, आजी नसेल तेव्हा शेजारची मावशी, आणि कोणीच नसेल तेव्हा घंटा. कोल्हापुरात यातलं काही नाही. इथं ख्रिस्ती म्हटलं की लोकांना १८५२ साली आलेलं अमेरिकन मिशन आणि वायल्डर चर्च आठवतं. ती आपली प्रॉटेस्टंट भावंडं. आपण कॅथलिक मूठभर आणि तेही गोव्याहून, सावंतवाडीहून, वसईहून, मंगळुराहून नोकरीधंद्याच्या निमित्तानं येऊन विखुरलेले. कोणी राजारामपुरीत, कोणी कसबा बावड्यात, कोणी गोकुळ शिरगावकडं. वसईत संपूर्ण गावानं उचललेलं ओझं इथं एका घरावर पडतं आणि घरात ते सरकत सरकत आईवर येऊन थांबतं. तुला नापास झाल्यासारखं वाटतंय, कारण एका गावाचं काम तू एकटी करू बघतेयस, तेही कडेवर बाळ घेऊन.

आणि आता सासूबाईंकडे बघ. त्याही अशाच घाट चढून या गावात आल्या असतील. तेव्हा तर फोनवर वसईची मिस्सा लावायची सोयही नव्हती. पोरांच्या मनात श्रद्धा टिकावी म्हणून त्यांच्या हाताशी काय होतं? साडेसातची रोझरी. पाहुणे येवोत, लाइट जावो, रोझरी चुकवायची नाही, या एका नेमावर त्यांनी घर उभं ठेवलं. म्हणून आज एक दशक कमी करा म्हटलं की त्यांना भिंत काढल्यासारखं वाटतं. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ या बोलण्यात टोमणा असेलही, पण त्याहून जास्त भीती आहे. माझ्यामागं हे टिकेल का, ही.

तेव्हा साडेसात वाजता, बाळ रडत असताना, हा विषय काढायचाच नाही. दुपारी दोघी मेथी निवडत बसाल तेव्हा काढ. सांगू नकोस, विचार. ‘मम्मी, हे लहान असताना रोझरीला बसायचे का? तुमच्या मांडीवर कोण असायचं? स्वयंपाक कधी करायचात?’ खरं काय ते त्यांनाच आठवू दे. बहुतेक घरांत निघतं असं की तेव्हा एखादी नणंद होती, पोरं तिसऱ्या दशकात झोपून जायची आणि त्यांना कोणी उठवत नसे. ऐकून घे. मग तुझी अडचण सांग, भांडणाच्या सुरात नको आणि रडत माफी मागायच्या सुरातही नको.

त्यांना हेही कळू दे की रोझरी ही फार सुंदर भक्ती आहे, पण रोज पाच दशकं म्हणायलाच हवीत असा नियम चर्चनं घातलेला नाही. रविवारच्या मिस्सेसारखं ते बंधन नव्हे. आणि रोझरी बदलतच नाही असंही नाही. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगाचं मनन करतात, त्याला रहस्य म्हणतात. शतकानुशतकं आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी तीनच रहस्यमालिका होती. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची रहस्यं जोडली आणि गुरुवार त्यांना दिला. सासूबाई तेव्हा काही लहान नव्हत्या, म्हणजे त्यांनी ती मोठ्या वयात शिकून घेतली असणार. ज्या बाईनं संसार ऐन भरात असताना नवी पाच रहस्यं पाठ केली, ती नातवंडांसाठी एक दशक वेगळं काढू शकेल. मला तरी ते अवघड वाटत नाही.

माझी सूचना अशी. साडेसातला सगळे मिळून एकच दशक. एक ‘हे आमच्या बापा’, दहा ‘नमो मारिया’, एक ‘पित्याला गौरव’. पाच मिनिटांच्या वर जात नाही. तेवढा वेळ टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, गॅस बंद. कुकरची शिट्टी होऊ देऊ नका, बाळ दचकतं आणि मग सगळंच बिनसतं. मुलीला काम दे. आजीचा हात धरून मेणबत्ती लावायची, दशक संपलं की फुंकायची. चार वर्षांचं मूल त्या फुंकरीसाठी पाच मिनिटं बसतं, मी पैजेवर सांगते. बाळाला लाकडी मोठ्या मण्यांची जपमाळ हातात देऊ नकोस, मणी तुटून घशात जायची भीती असते; धुतलेला कापडी खेळ दे. दशक संपलं की मुलांना सुट्टी आणि तुलाही सुट्टी. पुढची चार दशकं आणि लितानी सासूबाई शांतपणे म्हणतील. खरं सांगू, त्यांचीही ती रोझरी आजच्यापेक्षा चांगली होईल. लोळणाऱ्या नातीकडे एक डोळा ठेवून कोणाला ध्यान लागतं?

आणि रहस्य समजावण्याचं काम त्यांच्याकडेच दे. ‘मम्मी, आज कुठलं रहस्य ते तुम्ही हिला गोष्ट करून सांगा.’ गुरुवारी काना गावातल्या लग्नाची गोष्ट मुलांना फार आवडते. लग्नघरात द्राक्षरस संपला, कोणाच्या लक्षात आलं नाही, मरियामातेच्या आलं. कोल्हापूरच्या लग्नात मटणाचा रस्सा कमी पडल्यावर जी धावपळ होते, ती ज्या पोरीनं पाहिलीय तिला हे रहस्य दोन वाक्यांत कळेल. आजीकडून कळेल ते तिच्या लक्षात राहील, आणि आपल्यामागं हे टिकेल का, या प्रश्नाचं उत्तर आजीलाही समोर बसलेलं दिसेल.

पत्रात नवऱ्याबद्दल तू फक्त एवढंच लिहिलंस की तो शिरोलीला फाउंड्रीत आहे आणि शिफ्ट ड्यूटी आहे. रोझरी चालू असताना तो कुठं असतो? बाळ रडतं तेव्हा काय करतो? तू त्याची तक्रार केलेली नाहीस, पण तो तुझ्या या सगळ्या हकिकतीत दिसतच नाही. फाउंड्रीतलं काम काय असतं हे मला ठाऊक आहे. भट्टीपुढं आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला घरी आल्यावर बसावंसं वाटतं. तरीही.

धाकट्याचा बाप्तिस्मा आठव. फादरांनी सुरुवातीलाच दोघांना विचारलं होतं, या मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही घेताय, ती तुम्हाला कळली आहे का? ‘हो’ दोघांनी म्हटलं, एकट्या आईनं नाही. मग पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची छोटी मेणबत्ती पेटवली. बहुतेक वेळा ती बाप किंवा धर्मपिता, म्हणजे गॉडफादर, पेटवतो, कारण आईच्या हातात बाळ असतं. फादर म्हणतात, हा प्रकाश तुमच्या स्वाधीन केलाय, तो तेवत ठेवा. ती मेणबत्ती तुमच्या कपाटात कुठंतरी डब्यात असेल. काढ आणि त्याच्या हातात दे. आठवड्यातले दोन दिवस, शिफ्ट जमेल ते, साडेसातचं दशक त्यानं सांगायचं. त्याच्या आईच्या देखत. पोराला बापाचा प्रार्थनेचा आवाज ओळखीचा व्हायला हवा.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये चर्चनं लुई आणि झेली मार्टिन या फ्रेंच नवरा-बायकोला एकत्र संत म्हणून घोषित केलं. जोडपं म्हणून संत ठरवण्याची ती पहिलीच वेळ. छोट्या फुलाची, म्हणजे फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाची, ही आई-बापं. लोक त्यांचं नाव भक्तीसाठी घेतात, मी तुला त्यांचा संसार सांगते. झेलीचा लेस विणून विकायचा धंदा होता, हाताखाली बायका होत्या. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली. लुईचं घड्याळांचं दुकान होतं, १८७० साली त्यानं ते विकलं आणि बायकोच्या धंद्याची कामं उचलली. तेरेजा जन्मली तेव्हा झेलीला तिला पाजता येईना, बाळ खंगायला लागलं, तेव्हा तिला वर्षभर गावाबाहेर एका दाईकडे ठेवावं लागलं. संत झालेल्या आईला संत झालेलं बाळ वर्षभर दुसरीच्या घरी ठेवावं लागलं आणि चर्चनं तिला कमी आई मानलं नाही. तू कुठल्या मापानं स्वतःला नापास करतेस?

शिवाय मुलांचे धर्मपिता, धर्ममाता कुठं आहेत? वसईला असतील तर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लाव आणि सांग, आज दशक तुम्ही घ्यायचं. वाढदिवसाला फ्रॉक पाठवण्यापुरती ती नाती नाहीत.

उपवासाचं एका दमात सांगते, कारण यात वाद नाही. उपवासाचं बंधन वय वर्षं अठरा पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत आणि दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्यातही गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ते लागू होत नाही. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५२०, हा आयसीएमआरचा आकडा आहे. तू त्या बुधवारी दोघांचा उपवास केलास, चक्कर येणारच. पुढच्या उपवासकाळात बाळ अजून अंगावर पीत असेल तर पोटभर जेव. शुक्रवारी घरात मटण-मासे नसतील तर झुणका, उसळ, अंडं, दूध, काय असेल ते दोन घास जास्त. त्याग करायचाच असेल तर रात्री मोबाइलवर घालवायचा अर्धा तास सोड. सासूबाई काही बोलल्या तर त्यांनाच घेऊन फादरांकडे जा, दोन मिनिटांत मिटेल.

‘वर्षभरात धड एक प्रार्थना झाली नाही’ हे मात्र मला मान्य नाही. रात्री दोनला बाळ छातीशी घेऊन तू ‘देवा, झोपव रे याला’ म्हणत असशील. ती प्रार्थनाच आहे, पूर्ण, धड. पाजताना एक ‘नमो मारिया’ सावकाश म्हण. दहाची गरज नाही. झोप आली तर अर्धीच राहू दे.

राहिली तुझी मुलगी आणि गणपती. हा प्रश्न तिनं विचारला याचा मला आनंद झाला, कारण आपलं घर वेगळं आहे हे तिला दिसायला लागलंय. तिला खरं आणि साधं सांग. ‘आपल्याकडे येशूबाळ येतं, नाताळाला. त्यांच्याकडे गणपती येतो.’ चार वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. शेजारी बोलावतील तर आनंदानं जाऊ दे, मोदक खाऊ दे, शेजारधर्म आपल्यालाही शिकवलेलाच आहे. शेजाऱ्यांच्या सणाबद्दल तिच्यासमोर एकही वाकडा शब्द नको. तिला दुःख याचं आहे की त्यांच्याकडे फुलं आहेत, आरास आहे, मुलांना कामं आहेत आणि आपल्याकडे नुसतं ‘गप्प बस, प्रार्थना चाललीय’ आहे. ती उणीव भरून काढता येते.

८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस. त्याआधीचे नऊ दिवस, ३० ऑगस्टपासून, मंगळूरकडच्या कॅथलिक घरांतली पोरं रोज फुलं नेऊन बाळ मारियेला वाहतात. तुमच्या घरी मरियामातेची मूर्ती असेलच. नऊ दिवस सकाळी मुलीनं फुलं आणायची, दारची जास्वंद, गुलबक्षी, नाहीतर बाजारातला दहा रुपयांचा वाटा, आणि एकेक फूल समोर ठेवायचं. गाणं तुझ्या माहेरचं शिकव. हे दिवस गणपतीच्या आगेमागेच येतात, त्यामुळे तिला शेजारी उत्सव आणि आपल्याकडे काहीच नाही असं वाटणार नाही. आठ तारखेला मरियेच्या वाढदिवसाची खीर. शेजारच्या पोरांनाही बोलाव.

आणि नाताळाचा गोठा या वर्षी विकत आणू नका. कोल्हापूरच्या पोरांना किल्ले करता येतात, यापरतं भांडवल ते काय? दिवाळीत तुमच्या गल्लीत किल्ला होईल तेव्हा मुलीला त्यांच्यात चिखल कालवू दे. किल्ला मोडला की ती माती पोत्यात भरून जिन्याखाली ठेव, दगड आणि पुठ्ठ्याचे बुरूजही टाकू देऊ नकोस. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच पोरांना बोलाव, नवऱ्याला सुट्टी असेल तो दिवस बघ. डोंगर करा, गुहा करा, वर गोणपाट पसरून हळीव किंवा मोहरी पेरा. आठ-दहा दिवसांत हिरवळ येते, म्हणजे पंधरा तारखेच्या आत पेरायला हवं. पाणी शिंपडायचं काम मुलीचं, मेंढ्या मांडायचं आजीचं. येशूबाळ मात्र २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नका, कितीही हट्ट केला तरी.

तुझी,
ताई